इल्माबाई का गेल्या

कडावच्या पुढे राजनाल्याच्या, म्हणजे शेतीला पाणी देणाऱ्या कालव्याच्या, कडेने डोंगराकडे जाणारा एक कच्चा रस्ता आहे. त्या रस्त्यावरची जिल्हा परिषदेची शाळा दोनशिक्षकी. पहिली ते पाचवीचे वर्ग दोन खोल्यांत बसतात, पुढे व्हरांडा आणि मागे खिचडी शिजवायची शेड. संध्या भोईर तिथल्या मुख्याध्यापिका. आता दोन शिक्षकांच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणजे काय, तर दोघींतली वयाने मोठी. संध्याबाईंची सगळी नोकरी याच तालुक्यात गेली. आज पहिलीत बसणाऱ्या निम्म्या पोरांचे आईबाप त्यांच्याच हाताखालून शिकून गेलेले.

इल्मा मुकादम या शाळेत आली तेव्हा तिची ही पहिलीच नोकरी होती. माहेर खालापूरकडचं, सासर खोपोलीत. रोज खोपोलीहून कर्जत आणि कर्जतहून मिळेल त्या रिक्षाने शाळा, असा तिचा प्रवास. ती फार दिवस टिकायची नाही, बदली करून घेईल, असं गावाला वाटलं. ती टिकली, आणि पहिली-दुसरीची मुलं तिच्या मागेमागे फिरायला लागली.

शाळेत वरच्या ठाकरवाडीची मुलं येतात. त्यांची घरची बोली वेगळी, म्हणून पहिलं वर्ष ती बहुतेक गप्पच बसतात. संध्याबाईंनी इतक्या वर्षांत हे गृहीतच धरलं होतं. इल्माने धरलं नाही. वाडीतले शब्द तिने आधी स्वतः शिकून घेतले आणि मग मुलांना आपले शिकवले. कोंडी नावाची एक मुलगी मात्र तरीही तोंड उघडेना. महिनोन् महिने ती भिंतीला टेकून बसायची, सगळं बघायची, बोलायची काही नाही. एकदा इल्माने फळ्यावर कोंबडी काढली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "हे बदक." मुलं हसायला लागली. इल्मा आपली हटून, बदकच. शेवटी मागून आवाज आला, "कोंबडी हाय ती."

कोंडीचा शाळेतला तो पहिला शब्द. संध्याबाई खडू हातात घेऊन तशाच पलीकडच्या वर्गातून धावत आल्या होत्या. दारात उभं राहून त्यांनी इल्माकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं शिकवूनही आपल्याला हे सुचलं नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. बरंच वाटलं.

इल्माचा फोनवर हात चांगला चालतो हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

शाळेला शिकवण्यापलीकडे कामं किती, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. हजेरी ऑनलाइन, खिचडीचा तांदूळ किती शिजला ते ऑनलाइन, मुलांचे आधार क्रमांक ऑनलाइन. चाचणी घेतली की गुण भरा, झाड लावलं की फोटो टाका, हात धुण्याचा दिवस साजरा केला की त्याचा व्हिडिओ टाका. एका लिंकवर भरलेली माहिती आठवड्याने दुसऱ्या लिंकवर परत भरा. केंद्रप्रमुखांचा मेसेज आला की शेवटी एकच शब्द असायचा, 'तात्काळ'.

"मला मेलीला यातलं काही कळत नाही गं," असं म्हणत संध्याबाई फोन इल्माच्या हातात द्यायच्या. पहिल्या वर्षी ते खरंही होतं. पुढे मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा त्या व्हिडिओ कॉल करायला शिकल्या, घरबसल्या साड्या मागवायला शिकल्या, विजेचं बिल भरायला शिकल्या. शाळेच्या फाटकातून आत आल्या की मात्र त्यांना त्यातलं काही येत नसे. इल्मा कधी कुरकुरली नाही. "द्या बाई, करते," म्हणायची. तिच्या त्या 'द्या बाई'ची सवय लागली आणि संध्याबाईंनी पुढचा विचार करायचं सोडून दिलं.

मग मतदार यादीचं काम आलं. घरोघर जाऊन नावं तपासायची, मेलेली वगळायची, नवी घालायची, आणि तेही शाळा सांभाळून. तहसील कार्यालयातून फोन आला, तुमच्या शाळेतल्या दोघींपैकी एकीचं नाव द्या. संध्याबाई तेव्हा चुलीवर भात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी फार वेळ घेतला नाही. "इल्मा मुकादम," त्या म्हणाल्या. "तरुण आहे, करेल." आदेश आला तेव्हा इल्माने तो वाचून नुसता उसासा टाकला. "माझंच नाव कसं काय सापडलं यांना," असं ती स्वतःशीच म्हणाली. संध्याबाई समोरच बसल्या होत्या. त्या फळा पुसायला उठल्या.

नाल्याला पाणी सुटलं होतं त्या दिवसांतली गोष्ट. उन्हाळी भाताची रोपं टाकायची लगबग चालू होती आणि नाला काठोकाठ वाहत होता. सकाळीच केंद्रप्रमुखांचा फोन आला की कुठली तरी माहिती दुपारपर्यंत वर जायला हवी, एवढी एकच शाळा राहिली आहे. संध्याबाई इल्माच्या वर्गात गेल्या. इल्मा मुलांना गोलात बसवून काहीतरी शिकवत होती.

"आत्ताच्या आत्ता भरून टाक बाई. साहेब ओरडतायत."

"एवढा तास संपवू का?"

"तास कुठे पळून जातोय?"

शाळेत फोनला रेंज मिळते ती फक्त व्हरांड्याच्या टोकाला. मुलांना पाटीवर लिहायला सांगून इल्मा तिथे जाऊन उभी राहिली. लिंक उघडायची, निम्मी भरायची आणि बंद पडायची. ती परत पहिल्यापासून भरायची. संध्याबाई पलीकडे तिसरी-चौथी-पाचवीला गुणाकार देत होत्या. त्यांना ती खिडकीतून दिसत होती, पाठमोरी, फोन उंच धरलेली.

जेवणाच्या सुट्टीत ताटं वाढताना एक ताट उरलं. कोंडी नव्हती.

आधी वाटलं शेडमागे असेल. मग वाटलं घरी गेली असेल, म्हणून दोन मोठ्या मुलींना वाडीच्या वाटेवर पिटाळलं. मग एकदम दोघींनाही नाल्याचं पाणी आठवलं. इल्मा अनवाणीच पळत सुटली. संध्याबाई मागोमाग निघाल्या. नाल्याच्या बांधावर असताना त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी तो उचलला. का उचलला, ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. केंद्रप्रमुख विचारत होते, झालं का. "हो सर, झालंच," असं त्या धापा टाकत म्हणाल्या, आणि पुढे इल्मा कोंडीच्या नावाने हाका मारत होती.

कोंडी सापडली ती आबाजींना. आबाजी शाळा समितीचे अध्यक्ष, त्यांचं शेत नाल्याला लागूनच. बाया कपडे धुतात त्या पायऱ्यांवर ती बसली होती. आबाजी तिचा हात धरून तिला घेऊन आले.

"बाय, पोरगी खालच्या पायरीवं बसली व्हती. पाय पान्यात सोडून," ते म्हणाले. "म्या म्हनलं, शाळा सोडून हितं काय करतं गं? बोलतच नाय."

इल्मा बांधावरच मटकन खाली बसली. तिने कोंडीला जवळ घेतलं नाही, रागावली नाही, नुसती तिच्या ओल्या पायांकडे बघत राहिली.

कुणी तक्रार केली नाही. "पोरं पळत्यात, त्यात काय बाई," असं म्हणून आबाजींनी विषय संपवला. कोंडीच्या आईला कळलं तेव्हा तीसुद्धा काही बोलली नाही. कुणी दोन शब्द बोललं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. संध्याबाईंच्या फोनवर त्या संध्याकाळी मेसेज आला, माहिती मिळाली, धन्यवाद, आणि पुढे जोडलेले दोन हात.

महिना-दीड महिन्याने इल्माने राजीनामा दिला. सरकारी नोकरी, तीही शिक्षिकेची, आपण होऊन कोण सोडतं? तालुकाभर चर्चा झाली. कुणी म्हणालं घरचे नको म्हणत असतील, कुणी म्हणालं परदेशी जायचं असेल. इल्मा रजा टाकून घरी बसली. राजीनामा अजून मंजूर झाला नव्हता.

"तुमचं ऐकेल ती," केंद्रप्रमुख संध्याबाईंना म्हणाले. "राजीनामा मागे घ्यायला लावा. जागा एकदा रिकामी झाली की कधी भरेल काही भरवसा नाही."

"तिला काम फार झालं, सर."

"मला कळत नाही का? पण मी तरी काय करू बाई? मला वरून येतं, मी खाली पाठवतो." त्यांचा आवाज त्या दिवशी साहेबासारखा नव्हता, थकलेला होता.

रविवारी त्या खोपोलीला निघाल्या. आबाजींनी वालाच्या शेंगांची पिशवी आणून दिली. "त्यांना सांगा, पोरं वाट बगत्यात," ते म्हणाले. "आमी काय चुकलो आसू तर तसं बी सांगा."

वाटेत संध्याबाई मनाशी वाक्यं जुळवत होत्या. मुलांचं कसं होईल, पेन्शनचं बघ, वर्षभर रजा घे पण नोकरी सोडू नकोस. सगळी वाक्यं शहाणपणाची होती. त्यातल्या एकातही त्या स्वतः नव्हत्या.

दार इल्माच्या सासूने, सफियाबींनी उघडलं. इल्मा आत जमिनीवर बसून मुलीचे केस विंचरत होती. तिचा चेहरा भरल्यासारखा दिसत होता, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. संध्याबाईंना बघून ती उठली, हसली, पाणी आणून दिलं.

"चार वर्षांत आत्ता ही माझ्यासोबत बसून चहा प्यायला लागलीय, मॅडम," सफियाबी म्हणाल्या. "नाहीतर एका हातात कप नि दुसऱ्या हातात फोन. पोरगी बिचारी अम्मी अम्मी करून झोपून जायची." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नातीला घेऊन त्या आत गेल्या आणि दोघी समोरासमोर उरल्या.

"समजूत घालायला पाठवलं ना तुम्हाला?" इल्माने विचारलं.

"हो."

"कारखान्याच्या ऑफिसात काम मिळतंय इथेच. पगार कमी आहे. पण तिथे जे काम दिलंय तेवढंच करायचं असतं. माहिती भरायची तर दिवसभर माहितीच भरायची. कुणी मध्येच येऊन सांगत नाही की आता वीस पोरंपण सांभाळ."

"शिकवणं आवडायचं ना गं तुला?"

"आवडायचं म्हणून तर." इल्मा शेंगांच्या पिशवीची गाठ सोडत होती, ती थांबली. "त्या दिवशी कोंडी व्हरांड्यात आली होती माझ्याकडे. पाटी दाखवायला. माझी ओढणी ओढली तिने. मी तिच्याकडे न बघताच म्हटलं, छान. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. पाटीवर काय होतं, मला अजून माहीत नाही, बाई. पोरगी पाण्यापाशी जाऊन बसली आणि मी तांदळाचे आकडे टाकत होते. परत आले तर पुन्हा तेच होईल. लिंक काही थांबणार नाहीत. पुढच्या वेळी आबाजी तिथे नसले तर?"

संध्याबाईंनी वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. फोन आपल्याला चालवता येत होता, सगळं येत होतं, हे सांगितलं. त्या दिवशी तास संपवायला मागत होतीस, मीच दिला नाही, हे सांगितलं. आणि मतदार यादीसाठी तहसीलला तुझं नाव मीच दिलं, हेही सांगितलं.

इल्माला हे माहीत नसावं. तिचे हात शेंगांमध्ये तसेच राहिले. आतून मुलीच्या हसण्याचा आवाज येत होता.

"हे आज का सांगताय?" तिने शेवटी विचारलं. "मी परत यावं म्हणून, की तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

दोन्हींतलं कुठलंच पूर्ण खोटं नव्हतं.

"त्या यादीसाठी मी दीड महिना उन्हातान्हात फिरले," इल्मा म्हणाली. "सकाळी घरं, मग शाळा, सुटल्यावर परत घरं. माझी मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा मी तुमच्या गावात म्हाताऱ्या माणसांच्या जन्मतारखा विचारत होते. आणि तुम्ही मला म्हणायचात, दमलीस गं पोरी, चहा घे."

"चुकलं माझं."

"हो. चुकलंच."

तिने आवाज चढवला नाही. चहा केला, बिस्किटं दिली, स्टेशनच्या वळणापर्यंत सोडायलाही आली. निरोप घेताना एवढंच म्हणाली, "मला राग आलाय, बाई. पण मी येत नाहीये ती त्या रागापायी नाही. तुम्ही निम्मं केलं असतंत तरी निम्मं पुष्कळ होतं. फक्त मला एकटीला नसतं वाटलं."

परतीच्या वाटेवर संध्याबाईंना या शेवटच्या वाक्याने सोडलं नाही.

पुढचे महिने त्यांनी पाचही वर्ग एकटीने ओढले. एका खोलीत सगळ्यांना बसवायचं, मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचं, आणि आपण मध्ये उभं राहायचं. फोनची कामं त्या आता स्वतः करत होत्या, शाळा सुटल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला उभ्या राहून. उशीर झाला की नोटीस यायची. खुलासा लिहून द्यायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. तरी मुलांचं नुकसान होतंच होतं. पहिलीतली मुलं अक्षरं विसरत होती. हे त्यांना रोज दिसत होतं, आणि आपण प्रामाणिकपणे राबतोय याचं समाधानही त्यांना घेता येत नव्हतं.

कोंडीने यायचं बंद केलं. सुरुवातीला एक दिवसाआड यायची, मग आलीच नाही. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर संध्याबाई वाडीवर चढल्या. गुडघे बोलत होते. वर पोचल्या तेव्हा कोंडी अंगणात मोहाची फुलं पसरत होती. बाईंना बघून ती घरात पळाली नाही, पण जवळही आली नाही.

संध्याबाई तिच्याजवळ खाली बसल्या आणि त्याही फुलं पसरायला लागल्या.

"शाळेत का नाही येत गं?"

कोंडीने सुपातली आणखी फुलं ओतली. संध्याबाईंनीही घाई केली नाही. सगळं सूप रिकामं होईपर्यंत दोघी पसरत राहिल्या.

"इल्माबाई कवा येतील?" कोंडीने विचारलं.

थोड्या दिवसांनी येतील, असं म्हणणं सोपं होतं. ओठांवर आलंही होतं.

"नाही येणार, कोंडे."

कोंडीने मान खाली घातली. "मी नाल्यावं गेले म्हून?"

इतके महिने ही पोर हे मनात घेऊन बसली होती. वाडीतलं कुणी तिला काही बोललं नव्हतं, गावातलं कुणी बोललं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं.

"नाही गं बाळा. तुझ्यामुळे नाही." त्यांनी तिचे मोहाच्या वासाचे चिकट हात आपल्या हातात घेतले. "माझ्यामुळे. शाळेत काम फार होतं आणि मी ते सगळं त्यांच्यावर टाकलं. तुझ्याकडे बघायला त्यांना वेळच ठेवला नाही मी. तू काही केलं नाहीस."

कोंडीने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मोठी माणसं खोटं बोलतात तेव्हा ती पोर ओळखते, हे संध्याबाईंना माहीत होतं. त्यांनी नजर हलवली नाही.

"मग तुमी त्यांना सांगा ना," कोंडी म्हणाली, "आता नाय टाकनार म्हून."

"सांगितलं," संध्याबाई म्हणाल्या. "उशिरा सांगितलं."

दुसऱ्या आठवड्यात कोंडी शाळेत आली. पहिल्यासारखी भिंतीला टेकून बसली. बोलते, पण विचारलं तरच.

जूनमध्ये इल्माच्या जागी किशोर नावाचा तरुण शिक्षक आला, नेमणूक तात्पुरती. मुलांत रमणारा, थोडा अबोल. पहिल्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांचा फोन आला, "नवीन मुलगा हुशार आहे बाई. ऑनलाइनचं सगळं त्याच्याकडे देऊन टाका."

"निम्मं देईन, सर. त्याचा वर्ग सुटल्यावर."

"आजची माहिती तात्काळ आहे."

"वर्ग सुटल्यावर," संध्याबाई पुन्हा म्हणाल्या. असं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या महिन्यात शाळेला दोन नोटिसा आल्या.

एका संध्याकाळी दोघं व्हरांड्याच्या टोकाला आपापला फोन घेऊन बसले होते. तांदूळ त्याच्याकडे होता, हजेरी बाईंकडे. लिंक फिरत होती, उघडत नव्हती.

"बाई, माझ्या आधीच्या मॅडम का गेल्या?" किशोरने विचारलं. "कुणी म्हणतं घरच्यांमुळे, कुणी काही."

संध्याबाईंनी त्याला सांगितलं. तहसीलच्या फोनपासून खोपोलीच्या चहापर्यंत, जसं झालं तसं. मध्ये कुठे थांबल्या नाहीत आणि स्वतःसाठी काही राखून ठेवलं नाही. सांगून झाल्यावर किशोर बराच वेळ फोनच्या काचेवरून उगीच अंगठा फिरवत राहिला.

"मीपण दुसऱ्या खात्याची परीक्षा देतोय, बाई," तो म्हणाला. "तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. शिकवायला आवडतं, पण हे..." त्याने फोन नुसता वर केला.

संध्याबाईंना वाईट वाटलं, आणि त्याला थांब म्हणायचा आपल्याला कितपत हक्क आहे, हेही कळेना.

"कधी आहे परीक्षा?"

"दिवाळीनंतर."

"दे," त्या म्हणाल्या. "आण तो तांदूळ इकडे, आज मी भरते. तू जाऊन अभ्यासाला बस."

"नको बाई, निम्मं निम्मंच करू," किशोर म्हणाला. लिंक उघडली होती. दोघं माना खाली घालून आकडे टाकायला लागले.